आठवणीची कसोटी आणि कसोटीचा भरवसा

ज्येष्ठांच्या विस्मरणाविषयी आता घराघरांतून मोकळेपणाने बोलले जाते, ही समाधानाची बाब आहे. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून पूर्वी जे झाकून ठेवले जाई, ते आज डॉक्टरांपुढे मांडले जाते. डॉक्टर काही प्रश्न विचारतात. आज वार कोणता? आपण कोणत्या गावी आहोत? मी सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगा. शंभरातून सात वजा करीत चला. दहा मिनिटांत ही तपासणी संपते आणि कागदावर एक आकडा उमटतो : ३० पैकी २४. वर्षभराने पुन्हा तीच तपासणी होते आणि आकडा येतो २२. कुटुंबीयांच्या काळजात चर्र होते.

वाचकहो, ह्या दोन गुणांच्या घसरणीचा अर्थ काय? मेंदू खरोखरच खालावला, की त्या दिवशी आजीची झोप झाली नव्हती? विचारणारी व्यक्ती बदलली होती का? प्रश्न नीट ऐकू आले होते का? हे प्रश्न किरकोळ नाहीत. अशा आकड्याच्या आधारे औषधे सुरू होतात, बँकेचे व्यवहार मुलांच्या हाती जातात, मृत्युपत्रावरील सहीबद्दल शंका घेतल्या जातात आणि एखाद्या वृद्धाला घरी एकटे राहू द्यावे की नाही हे ठरते. म्हणूनच माणसाच्या स्मृतीची परीक्षा घेणाऱ्या ह्या कसोट्यांचीही परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घेतली जाते आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले आहे, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विश्वसनीयता म्हणजे काय?

बाजारातील तराजूचे उदाहरण घेऊ. एकच नारळ आपण पाच वेळा तराजूत ठेवला आणि पाचही वेळा वजन जवळजवळ सारखेच आले, तर तो तराजू विश्वसनीय आहे असे आपण म्हणतो. ते वजन खरोखरच बरोबर आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. दर वेळी शंभर ग्रॅम जास्त दाखवणारा तराजूही सातत्याच्या दृष्टीने विश्वसनीयच असतो. मानसशास्त्रात पहिल्या गुणाला ‘विश्वसनीयता’ म्हणतात, तर जे मोजायचे तेच मोजले जाते की नाही, ह्या दुसऱ्या गुणाला ‘सप्रमाणता’ म्हणतात. विश्वसनीयता नसेल तर सप्रमाणता संभवत नाही. परंतु केवळ विश्वसनीयता असून भागत नाही.

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ह्या विचाराला गणिती रूप दिले. त्याच्या मांडणीचे सार असे की कसोटीत मिळालेला प्रत्येक गुणांक दोन भागांचा बनलेला असतो : एक व्यक्तीची खरी क्षमता आणि दुसरा मापनातील त्रुटी. थकवा, भीती, खोलीतील गोंगाट, प्रश्न विचारण्याची ढब, एखादे उत्तर सहज सुचणे किंवा न सुचणे हे सारे त्या त्रुटीत मोडते. एकाच गटाला काही काळाच्या अंतराने तीच कसोटी दोनदा दिली आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढला, तर त्रुटीचा अंदाज येतो. ह्या सहसंबंधाचा गुणांक १ च्या जितका जवळ, तितकी कसोटी विश्वसनीय. मोठ्या गटांचा अभ्यास करताना ०.७० च्या आसपासचा गुणांक चालवून घेतात. परंतु एका व्यक्तीच्या आयुष्याविषयी निर्णय घ्यायचा असेल, तर ०.९० किंवा त्याहून अधिक गुणांक असावा असा सर्वसाधारण संकेत आहे.

जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन कसोट्यांचा येथे उल्लेख करायला हवा. पहिली ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’, म्हणजेच एमएमएसई. मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू ह्यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या मूळ अहवालात चोवीस तासांच्या अंतराने एकाच परीक्षकाने घेतलेल्या दोन चाचण्यांचा सहसंबंध ०.८९ च्या घरात होता, तर परीक्षक बदलल्यावर तो ०.८३ पर्यंत उतरला. दुसरी ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’, म्हणजे मोका. झियाद नासरेद्दीन आणि सहकाऱ्यांनी ती २००५ साली प्रसिद्ध केली. तिच्या मूळ अहवालात २६ जणांना सरासरी ३५ दिवसांनी पुन्हा तपासले असता ०.९२ इतका सहसंबंध आढळला. दोन्ही कसोट्या ३० गुणांच्या आहेत.

दोन गुणांची घसरण

०.९२ हा आकडा ऐकून वाटेल की आता शंकेला जागा उरली नाही. तसे नाही. सहसंबंध मुख्यतः क्रम सांगतो. वरचे वर आणि खालचे खाली राहिले की तो उंच येतो. एकेका व्यक्तीचे गुण किती हलले, हे तो थेट सांगत नाही. मोकाच्या त्याच २६ जणांच्या गुणांत सरासरी बदल एका गुणाहूनही कमी होता; परंतु त्या बदलाचे प्रमाण विचलन अडीच गुणांचे होते. म्हणजे महिन्याभरात कोणताही आजार न बळावता कोणाचे दोन-तीन गुण वाढले, तर कोणाचे एक-दोन घटले.

हे गणित आपल्यालाही करता येते. समजा, एखाद्या कसोटीच्या गुणांचे प्रमाण विचलन ३ आहे आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६ उरतात, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला ३ ने गुणले की १.२ येतात. ही झाली एका वेळच्या मापनाची प्रमाण त्रुटी. दोन वेळच्या गुणांची तुलना करताना दोन्ही वेळच्या त्रुटी एकत्र येतात. म्हणून ‘हा बदल निव्वळ योगायोगाचा नाही’ असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर ह्या उदाहरणात तीनहून अधिक गुणांचा फरक पडावा लागतो. आरंभी उल्लेखिलेली दोन गुणांची घसरण ह्या मर्यादेच्या आतच बसते. ती दुर्लक्षिण्याजोगी आहे असे नव्हे. परंतु केवळ तिच्यावरून निदान करणे घाईचे ठरते.

ह्याउलट धोकाही आहे. तेच प्रश्न पुन्हा विचारले की माणूस ते शिकतो. मागच्या खेपेचे तीन शब्द काहींच्या ध्यानात राहतात. काही जण तर घरून तारीख पाठ करून येतात. ह्याला ‘सराव परिणाम’ म्हणतात. त्यामुळे खरी घसरण झाकली जाऊ शकते. वर्षाने गुण तेवढेच राहिले म्हणजे सारे ठीक आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. सरावाचा हा परिणाम कमी व्हावा ह्यासाठी मोकाच्या समान काठिण्याच्या पर्यायी आवृत्त्या तयार करण्यात आल्या आहेत.

अकराव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत

कसोटीचा काळाशी संबंध किती दूरवर जातो, ह्याचे एक विलक्षण उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. १ जून १९३२ रोजी त्या देशातील १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची, एकूण ८७,४९८ जणांची, एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. कागदपत्रे पुढे अनेक दशके धूळ खात पडली. इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली ह्या संशोधकांनी ती शोधून काढली आणि ६६ वर्षांनी, १ जून १९९८ रोजी, अ‍ॅबर्डीन शहरात त्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी १०१ जणांना तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या वर्षीचे गुण आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीचे गुण ह्यांचा सहसंबंध ०.६३ भरला. पुढे ह्याच पिढीतील इतर काहींची नव्वदीत परीक्षा घेतली तेव्हा तो ०.५४ होता.

ह्या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. जन्मभराच्या उलथापालथीनंतरही व्यक्तीव्यक्तींतील क्रम बऱ्याच अंशी टिकून राहिला, म्हणजे कसोटी काहीतरी टिकाऊ गोष्ट मोजत होती. तसेच तो क्रम पुष्कळसा बदललाही. कोणी पुढे गेले, कोणी मागे पडले. बालपणीच्या गुणांवरून कोणाच्याही वार्धक्याचे भविष्य वर्तवता येत नाही. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही सारी मंडळी एकाच देशातील, एकाच वर्षी जन्मलेली आणि सगळी शाळेत गेलेली होती. जेथे समाज इतका एकसारखा नसतो, तेथे काय होते?

ज्यांना शाळाच मिळाली नाही

ह्या प्रश्नाचे एक स्पष्ट उत्तर १९९३ साली अमेरिकेतून आले. रोझा क्रम आणि सहकाऱ्यांनी १८,०५६ प्रौढांच्या एमएमएसई गुणांचा अभ्यास केला. किमान नऊ वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९ होता. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६. आणि चार वर्षांपर्यंतच शाळा पाहिलेल्यांचा अवघा २२. अनेक ठिकाणी २४ च्या खालचे गुण संशयास्पद मानले जातात. म्हणजे अल्पशिक्षितांपैकी निम्म्याहून अधिक लोक, काहीही आजार नसताना, संशयाच्या यादीत जाऊन बसतात.

आपल्या देशात ह्या गोष्टीचे गांभीर्य कितीतरी मोठे आहे. १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरता १८.३३ टक्के होती आणि स्त्रियांची ८.८६ टक्के. आज जी माता-भगिनी पंचाहत्तरी ओलांडून बसली आहे, तिचा जन्म त्या काळातला. तिच्यापैकी कित्येकींच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आलीच नाही. अशा स्त्रीला कागदावरचे वाक्य वाचायला, एक वाक्य लिहायला, आकृतीची नक्कल करायला सांगणे म्हणजे तिच्या स्मृतीची नव्हे, तर तिला न मिळालेल्या शाळेची परीक्षा घेणे होय. जिने आयुष्यभर भाजीची टोपली घेऊन बाजार केला आणि शेकड्याचा हिशेब तोंडी ठेवला, ती ‘शंभरातून सात वजा करीत चला’ ह्या निरुद्देश आज्ञेपुढे गोंधळते.

ह्याची जाण ठेवून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगड परिसरात, बहुतांशी निरक्षर ग्रामस्थांसाठी, एमएमएसईचे हिंदी रूप तयार केले व १९९५ साली ते प्रसिद्ध केले. ते केवळ भाषांतर नव्हते. सातची वजाबाकी काढून आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायला सांगितले गेले. ‘डोळे मिटा’ हे लिहिलेले वाक्य वाचण्याऐवजी, परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसे करा’ असे सांगतो. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एखादे वाक्य बोलायचे. इंग्रजीतील उच्चाराला कठीण वाक्प्रयोगाच्या जागी ‘ना यह, ना वह’ आले. प्रश्नाचा हेतू तोच राहिला. तो गाठण्याची वाट मात्र त्या माणसाच्या अंगणातून काढली गेली.

पुढे २०१७ पासून देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ‘लासी-डॅड’ ह्या नावाने ती ओळखली जाते, साठ वर्षांवरील ४,०९६ व्यक्तींची सविस्तर तपासणी झाली. तिच्यावरून साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. येथेही निदान केवळ गुणांवर सोपवले नव्हते. घरातील जवळच्या व्यक्तीची मुलाखत घेतली गेली, दैनंदिन व्यवहारातील बदल विचारले गेले आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी सर्व माहिती एकत्र पाहून मत दिले.

भाषेचा प्रश्न आपल्या अगदी उंबरठ्यावर आहे. वसईतील सामवेदी वा वाडवळी बोलीत वाढलेल्या वृद्धाला प्रमाण मराठीतील प्रश्न कळतो. पण त्याचे उत्तर त्याच्या ओठांवर येते ते त्याच्या बोलीत. हीच अडचण डहाणू-तलासरीच्या वारली आजोबांची आणि मुलांपाशी राहायला परदेशी गेलेल्या आई-वडिलांची. पहिली तपासणी मराठीत आणि दुसरी इंग्रजीत झाली असेल, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात फारसा अर्थ नाही.

व्रतस्थांचे योगदान

ह्या संशोधनात कॅथलिक व्रतस्थांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत डॉ. डेव्हिड स्नोडन ह्यांनी १९८६ साली ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संस्थेतील धर्मभगिनींच्या अभ्यासाला प्रारंभ केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ धर्मभगिनी नियमित तपासणीस आणि मरणोत्तर मेंदूदानास तयार झाल्या. त्यांच्यापैकी एका धर्मभगिनीचे १०१ व्या वर्षी निधन झाले. अखेरपर्यंत तिचे गुण उत्तम होते. मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा विपुल आढळल्या. मेंदूची अवस्था आणि कसोटीचा आकडा ह्यांचे नाते सरळ रेषेसारखे नसते, हे त्यातून प्रत्ययास आले.

१९९४ साली शिकागोच्या रश विद्यापीठाने धर्मभगिनी, धर्मगुरू आणि व्रतस्थ बंधू ह्यांचा असाच अभ्यास सुरू केला. त्यात दर वर्षी एक नव्हे, तर सुमारे दीड डझन कसोट्या घेऊन त्यांची सरासरी काढली जाते. एका कसोटीतील योगायोगाची त्रुटी दुसरीतील त्रुटीने बऱ्याच प्रमाणात फिटते; म्हणून अनेक मापनांची सरासरी एकट्या मापनापेक्षा विश्वसनीय ठरते. व्रतस्थ जीवनात आहार, निवास आणि दिनक्रम पुष्कळसा समान असल्यामुळे बाहेरच्या घटकांचा गोंधळ कमी होतो. परंतु हेच बलस्थान त्या अभ्यासाची मर्यादाही आहे. सुशिक्षित आणि शिस्तबद्ध समूहात जे आढळले, ते सर्वांना लागू पडेलच असे नाही. म्हणून त्याच विद्यापीठाने १९९७ साली सर्वसामान्य वृद्धांचा आणि २००४ साली कृष्णवर्णीय वृद्धांचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला.

मानके आणि न्याय

गुणांचा अर्थ लावायचा तर ते कोणाशी तरी ताडून पाहावे लागतात. ज्यांच्याशी ताडायचे त्यांच्या गुणांना ‘मानके’ म्हणतात. मानकेही जुनी होतात. जेम्स फ्लिन ह्यांनी १९८४ साली दाखवून दिले की अमेरिकेत १९३२ ते १९७८ ह्या काळात बुद्धिमापनाचे सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीन ह्या गतीने वाढत गेले होते. तीस वर्षांपूर्वीच्या मानकांशी आजच्या माणसाची तुलना केली, तर तो आहे त्याहून वरचढ भासतो.

मग प्रत्येक समाजगटासाठी वेगळी मानके हा उपाय का करू नये? शिक्षण आणि वय ह्यांच्यानुसार मानके करणे बहुधा योग्यच असते. परंतु वंशाच्या आधारे ती केली की काय होते, हे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या प्रकरणात दिसले. डोक्याला वारंवार मार लागून स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी गृहीत धरली जात होती. साहजिकच त्यांची घसरण कमी दिसे आणि भरपाई हुके. दोन माजी खेळाडूंनी २०२० साली न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ साली संघटनेने ही पद्धत थांबवण्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कमधील डॉ. जेनिफर मॅन्ली ह्यांच्या संशोधनाने ह्या प्रश्नाचे मूळ आधीच, २००२ साली, दाखवले होते : शाळेची वर्षे मोजण्याऐवजी प्रत्यक्ष वाचनक्षमता विचारात घेतली की कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वृद्धांच्या गुणांतील तफावत बरीच कमी होते. दोष वंशात नव्हता. मिळालेल्या शिक्षणाच्या दर्जात होता.

कुटुंबीयांनी काय करावे?

ह्या सर्व विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी हाती लागतात.

तपासणीला जाताना चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्यावे. ऐकू न आलेला शब्द आठवणार कसा? रात्रभर जागरण झाले असेल, ताप असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तपासणी पुढे ढकलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठ व्यक्ती ज्या भाषेत विचार करते, त्याच भाषेत प्रश्न विचारले जावेत असा आग्रह धरावा. शिक्षण किती झाले आहे हे न लाजता सांगावे. तो कमीपणा नसून निदानाला लागणारी माहिती आहे.

गुणांचा कागद जपून ठेवावा. त्यावर तारीख, कसोटीचे नाव, आवृत्ती, भाषा आणि परीक्षक ह्यांची नोंद असावी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच परिस्थितीत तपासणी व्हावी. दोन आकड्यांवर न थांबता तिसऱ्या, चौथ्या आकड्याची वाट पाहावी; सलग दिसणारी उतरण एका उडीपेक्षा अधिक बोलकी असते. मात्र वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. दोन-चार दिवसांतच अचानक गोंधळ उडाला असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. नैराश्य, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे दुष्परिणाम ह्यांमुळेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील निरीक्षण. आजोबा औषधाच्या वेळा चुकवू लागले का? पायाखालच्या वाटेवर चुकले का? नेहमीची आमटी करताना आई मधेच थबकते का? पूर्वीच्या आणि आताच्या वागण्यातील हा फरक जो सांगू शकतो, तो रोज सोबत राहणारा माणूसच होय. त्याची साक्ष आणि कसोटीचा आकडा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर निदानाला बळकटी येते. दोहोंत विसंगती असेल, तर थांबून पुन्हा पाहावे.

कसोट्या टाकाऊ आहेत असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यांच्यामुळेच पुष्कळांचा आजार वेळेवर लक्षात आला आहे. परंतु कसोटी हे साधन आहे, निवाडा नव्हे. जिने आपल्याला अंगाखांद्यावर खेळवले, तिच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब ३० गुणांच्या कागदात मावत नाही. त्या कागदाला त्याचे योग्य तेवढेच मोल द्यावे, आणि उरलेले लक्ष तिच्याकडे द्यावे.